अनंतापाशी अडलेले बोकील मास्तर

बोकील मास्तरांना मी सत्तावीस वर्षं ओळखत होतो. त्यांतली निदान वीस वर्षं मी त्यांच्यावर चिडलेला होतो आणि उरलेल्या काळात आमचं बोलणंच बंद होतं.

लोणावळ्याच्या शाळेत ते मराठी आणि संस्कृत शिकवत, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमची दोघांची टेबलं एकाच खिडकीशी होती. हेडमास्तरांनी ती तशी का लावली हे त्यांनाच ठाऊक. बोकील उंच, किंचित वाकलेले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पावसाळ्याचे चार महिने तो कोट कधी वाळत नसे, त्यामुळे ते खोलीत आले की न बघताही कळायचं. बायको लग्नानंतर तीन वर्षांत वारली होती, मूलबाळ नव्हतं. बाजारामागच्या चाळीत एका खोलीत राहत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत आणि फार वाईट करत. माणूस मनानं चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे सांगायला जमेल की नाही कोण जाणे.

त्यांचं दुखणं एकच. त्यांना कुठलाही शब्द सरळ घेता येत नसे. सकाळी कुणी "काय मास्तर, बरं आहे ना?" म्हटलं की ते उभे राहून विचारत, "कुठल्या अर्थी?" विचारणारा गाडी गाठायच्या घाईत असला तरी त्याला प्रकृतीबद्दल विचारायचं होतं की एकंदरीत, हे सांगितल्याशिवाय त्याची सुटका नसे. भाजीवालीनं मेथी ताजी आहे म्हटलं की आज खुडलेली की आज आणलेली, अशी चौकशी सुरू. पुढे पुढे ती बाई त्यांना लांबून पाहून पाटीवर फडकं टाकी. एकदा आमच्याकडे जेवायला आले असता माझ्या पत्नीनं "आणखी वाढू का?" म्हणून विचारलं, तर आणखी म्हणजे एक की पुरे म्हणेपर्यंत, असा त्यांनी उलट प्रश्न केला. ती हसली. मला हसू आलं नाही, कारण मी हे सगळं रोज अकरा ते पाच ऐकत होतो.

अशा माणसाच्या हाती कुणी कोशाचं काम द्यावं का? पण पुण्याच्या एका प्रकाशकानं दिलं. शाळांसाठी एक बेताचा मराठी शब्दकोश काढायचा होता आणि त्यासाठी ठिकठिकाणच्या मास्तरांना अक्षरं वाटून दिली होती. बोकिलांच्या वाट्याला सुरुवातीचाच 'अ' आला. काम एका वर्षाचं होतं. माझं अक्षर बरं म्हणून एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या सुवाच्य उतरवून द्यायचं मी कबूल केलं. ते कबूल करताना माझं डोकं कुठे होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिले चार महिने काम झपाट्यानं झालं. अंकुश, अंश, अक्षता, अजीर्ण, सगळं ओळीनं उतरलं. मग 'अनंत' आला आणि गाडी थांबली. "अंत नाही तो," मी सुचवलं. ते म्हणाले, अंत नाही हे ठरवलं कुणी? शेवटपर्यंत जाऊन पाहिलं का? मग त्यांनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. अनंत म्हणजे विष्णू. अनंत म्हणजे शेष. अनंत म्हणजे भाद्रपदातल्या चतुर्दशीला हाताला बांधतात तो चौदा गाठींचा रेशमी दोरा. आता ज्याच्या गाठी मोजून चौदा भरतात त्याला अनंत का म्हणायचं, यावर दोन आठवडे गेले. अनंत म्हणजे एक पांढरं, वासाचं फूल. ते पाहायला त्यांनी मला एका पारशाच्या बंगल्याच्या बागेत नेलं. तिथल्या माळ्यानं सांगितलं, "हे व्हय अनंत. पर दोन दिसांत पिवळं पडतंय." बोकील त्या झाडापुढे इतका वेळ उभे राहिले की माळ्यानं आम्हांला हाकलायचंच बाकी ठेवलं.

गणितातल्या अर्थासाठी त्यांनी मला धरलं. मी सांगितलं की मोजणी कधी संपत नाही, त्याला आम्ही अनंत म्हणतो. त्यांनी विचारलं, "आणि मोजणारा संपला तर?" मी म्हटलं, त्याचा गणिताशी संबंध नाही. ते म्हणाले, संबंध नाही असं गणित म्हणतं, मोजणारा नव्हे. हा वाद तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या मास्तरांनी आपलं टेबल उचलून दाराबाहेर व्हरांड्यात नेलं.

त्याच साली तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला आकाशात तारे किती म्हणून विचारलं. वर्ग एका सुरात "अनंत" म्हणाला आणि साहेब शाब्बास म्हणाले. मागे उभे असलेले बोकील पुढे आले आणि म्हणाले, चूक आहे, असंख्य म्हणा. मोजता येत नाही आणि संपत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेबांचा चेहरा पाहून हेडमास्तरांनी लगेच चहा मागवला. बोकिलांची बढती त्यानंतर कधी निघाली नाही आणि त्यांनी ती का निघाली नाही हेही विचारलं नाही.

पण हे सगळं मी विसरलो असतो. औंढ्याचं विसरणं शक्य नाही.

जर्मनांशी पहिली मोठी लढाई तेव्हा जोरात होती. बोकिलांच्या मनात आलं की पुस्तकी अर्थ पुष्कळ झाले, आता खेड्यात लोक हा शब्द कसा वापरतात ते पाहू. एका रविवारी त्यांनी मला औंढ्याला ओढत नेलं. लोणावळ्याहून दोन तासांची पायवाट. पहिल्याच घरासमोर एक म्हातारा दोरखंड वळत बसला होता. धोंडिबा त्याचं नाव. राम राम झाला आणि बोकिलांनी काही प्रस्तावना न करता विचारलं, "आबा, अनंत म्हणजे काय सांगाल?"

म्हाताऱ्याच्या हातातला दोर सुटला. आतून एक अठरा-एकोणीस वर्षांची सून उंबऱ्यापर्यंत धावत आली आणि तिथेच थांबली. धोंडिबानं विचारलं, "काय झालं त्येला? तार आलीया व्हय?"

अनंता त्याचा मुलगा होता. फौजेत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याकडे गेला होता आणि सहा महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. दोन कोटवाले लोक दारात येऊन त्याचं नाव घेतात म्हणजे ते बातमीच घेऊन आले, असं त्या घरानं समजणं साहजिक होतं. आम्ही कोशासाठी आलो आहोत हे समजावायला मला अर्धा तास लागला. परतीच्या वाटेवर मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खंडाळ्याकडचे डोंगर दिसायला लागले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी आधी नाव विचारायला हवं होतं."

दोन महिन्यांनी खरंच फौजेकडून पत्र आलं. इंग्रजीत होतं. गावात वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून धोंडिबा आणि ती सून, तिचं नाव पारू, दोघं चालत शाळेत आली. मधली सुट्टी होती. बोकिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि सांगितलं, "अनंता बेपत्ता आहे असं लिहिलं आहे."

"म्हंजी गेला?" धोंडिबानं विचारलं.

"गेला असं लिहिलेलं नाही."

"मंग हाय?"

"आहे असंही लिहिलेलं नाही, आबा."

पारू पदर ओढून भिंतीशी उभी होती. दोघं आली तशी पाच मैल चालत परत गेली.

लढाई संपली. मावळातले परतायचे ते परतले. अनंताबरोबर भरती झालेला एक जण सांगू लागला की नदीकाठच्या लढाईत त्यानं अनंताला पडताना पाहिलं. पण उठला की नाही ते पाहायला तो थांबला नव्हता. भटजींनी बारा वर्षं वाट पाहून पुतळा करून क्रिया करा म्हणून सांगितलं. भावकीचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेनं पुन्हा लग्न करायची, रीत होती. शिरगावचा एक बिजवर, दोन लहान मुली असलेला, चांगला माणूस, पारूला मागत होता. भावकी तयार होती, धोंडिबाही तयार होता. फक्त कुणीतरी शिकलेल्या माणसानं ते इंग्रजी पत्र हातात धरून सांगावं की याचा अर्थ तो मेला. म्हणजे पुढचं सगळं रीतीनं झालं असतं.

धोंडिबा माझ्याकडे आला, कारण बोकिलांकडून सरळ उत्तर मिळत नाही हे त्याला एव्हाना समजलं होतं. मी बोकिलांना त्यांच्या खोलीवर गाठलं. ते स्टोव्हपुढे बसले होते आणि आमटी उतू चालली होती. मी म्हटलं, "एक शब्द बोला. मुलगी वीस वर्षांची आहे. तिचं आयुष्य मार्गी लागेल."

"पत्रात तो शब्द नाही," ते म्हणाले.

"पण तो मेला आहे हे तुम्हांला माहीत आहे."

"मला वाटतं. माहीत नाही."

"मग मी सांगतो."

"सांगा," ते म्हणाले. "पण पत्रात लिहिलंय म्हणून सांगू नका. तुम्हांला वाटतं म्हणून सांगा."

मला ते जमलं नाही. मी औंढ्याला गेलो, त्यांच्या पडवीत बसलो, गूळपाणी घेतलं, आणि पारू समोर येऊन उभी राहिली तेव्हा माझी जीभ उचलेना. याचाही राग मी बोकिलांवरच काढला. शिरगावच्या माणसानं वर्षभर वाट पाहिली आणि दुसरीकडे लग्न केलं. त्यानंतर आठ महिने मी बोकिलांशी बोललो नाही. चिठ्ठ्यांचा डबाही परत केला.

दरम्यान त्यांचा उद्योग चालू होता. फौजेच्या कचेरीला पत्रं. मला ती दिसत, कारण ते मसुदे टेबलावर उघडेच टाकत. आपल्या पत्रात वापरलेल्या शब्दाचे पुढील चार अर्थ संभवतात, त्यांपैकी आपणांस कोणता अभिप्रेत आहे, अशी त्यांची भाषा. दर दोन-तीन महिन्यांनी एक. उत्तर आलं तर छापील ओळ: चौकशी चालू आहे. दुसरा कुणी थकला असता.

आणि दर रविवारी ते औंढ्याला जाऊ लागले. पडवीत धोंडिबासमोर बसून ते पारूला अक्षरं शिकवीत. मी विचारलं तर म्हणाले, तिच्याबद्दल काय लिहून येतं ते तिला स्वतःला वाचता आलं पाहिजे. गावात कुजबुज झाली. धोंडिबानं ती मोडून काढली. तो म्हणे, मास्तर शिकवताना तिच्याकडं बघत बी न्हाई, पाटीकडं बघतो. हे खरं असणार. पुस्तक म्हणून बोकिलांनी काय नेलं असेल? तोच चिठ्ठ्यांचा डबा. बिचारीनं मुळाक्षरं गिरवली ती अंकुश आणि अजीर्णावर. दोन वर्षांत ती वाचायला लागली आणि मग बोकिलांच्याच चिठ्ठ्यांतल्या चुका काढायला लागली. 'अंगाई' या शब्दाची चिठ्ठी खाली ठेवून ती म्हणाली होती, "मास्तर, हे तुमी बाईमानसाला इचारून लिवलेलं दिसत न्हाई." ही हकिकत त्यांनीच मला मोठ्या आनंदानं सांगितली. तोपर्यंत आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. एका खिडकीशी बसून किती दिवस अबोला धरणार.

सहाव्या वर्षी कचेरीतून एक उत्तर आलं, नेहमीच्यापेक्षा दोन ओळी जास्त. या बाबतीतला निर्णय कुटुंबाला पूर्वीच कळवण्यात आला आहे, असं त्यात होतं. बोकिलांनी ते उलटसुलट पाहिलं आणि एकदम उभे राहिले. वरच्या संदर्भात गावाचं नाव औंध पडलं होतं. औंध तिकडे पुण्याजवळ, औंढे इथे मावळात. पत्र निघालं होतं, पण दुसऱ्याच गावी गेलं होतं आणि चार वर्षं कुठल्या तरी फडताळात पडून होतं.

त्यांनी त्याच दिवशी पुण्याची गाडी पकडली. रजेचा अर्ज माझ्या टेबलावर टाकला आणि गेले. तीन फेऱ्यांनंतर पत्राची नक्कल हाती पडली. ती घेऊन औंढ्याला जायला निघाले तेव्हा ते मला म्हणाले, "लेले, तुम्ही बरोबर या." त्यांनी मला असं काही मागितल्याचं हे एकच उदाहरण. आकाश भरून आलेलं होतं आणि खाचरांत रोपं उपटायची लगबग चालली होती. पारू चिखलाचे पाय धुऊन पडवीत आली. धोंडिबाला एव्हाना दिसेनासं झालं होतं, तो खांबाला टेकून बसला.

बोकिलांनी इंग्रजी वाचलं आणि मग मराठीत सांगितलं, "बराच शोध करूनही पत्ता न लागल्यामुळे अनंता धोंडिबा यांस मृत समजावे." त्या शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, "मृत आहेत असं नाही, पारूबाई. समजावे, असं आहे. त्यांनाही माहीत नाही."

मला वाटलं, आता याच्या डोक्यात तांब्या घालावा.

पारूनं विचारलं, "समजायचं कुनी? सरकारनं का म्या?"

बोकिलांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "सरकारनं समजून झालं आहे. तुमचं तुम्ही ठरवायचं."

"मंग लावनी हुंद्या," ती म्हणाली. "लावनी झाली का समजीन."

ती उठून शेतात गेली. धोंडिबा रडत होता, आवाज न करता. बोकील चष्मा पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

लावणी झाल्यावर तिनं गळ्यातलं काढलं, सगळं रीतीनं केलं. पाट तिनं लावला नाही. तेव्हा ती पंचविशीची होती, लावता आला असता. शेती तिनं अंगावर घेतली, धोंडिबाचं शेवटपर्यंत केलं, आणि औंढ्यात कुणाचंही पत्र आलं की ते तिच्या पडवीत यायला लागलं. पुढे दुसरी लढाई सुरू झाली आणि पुन्हा परदेशांतून पत्रं येऊ लागली, तेव्हा आसपासच्या वाड्यांवरचे लोकही तिच्याकडे चालत येत.

मी तिला एकदा, बोकील नसताना, सरळच विचारलं. म्हटलं, मास्तरांनी तेव्हाच मेला म्हणून सांगितलं असतं तर तुमची उमेदीची वर्षं वाया गेली नसती. तुम्हांला त्यांचा राग येत नाही का?

ती म्हणाली, "येतो की. लय वेळा आला." मग सुपातलं पाखडणं थांबवून म्हणाली, "पर त्यांनी मेला म्हनलं असतं तर म्या ऐकलं असतं. मंग जलमभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले असते, खरं का खोटं म्हनून."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही. शिरगावच्या त्या माणसाला मी पुढे एकदा पाहिलं होतं. बायको आणि चार पोरं घेऊन बाजाराला आला होता, सगळी हसत होती. असल्या गोष्टीचा हिशेब कुणी कसा मांडायचा, मला माहीत नाही, आणि मी जन्मभर गणित शिकवलं.

कोश निघाला. बोकिलांची वाट पाहून प्रकाशकानं 'अ' दुसऱ्याकडून करून घेतला होता. मी विकत घेतलेली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पान काढलं. 'अनंत: ज्यास अंत नाही असा, विष्णू, एक फूल.' एवढंच. मी म्हटलं, पाहा, दीड ओळीत झालं. त्यांनी ती दीड ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "चूक काहीच नाही." त्यांनी पुस्तक मला परत केलं आणि संध्याकाळी घरी जाऊन 'अनंत'ची अकरावी चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती, सुवाच्य उतरवण्यासाठी. मी उतरवली. का उतरवली ते विचारू नका.

निवृत्त झाल्यावर ते तळेगावला पुतण्याकडे राहायला गेले. तिथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुतण्याचं पत्र आल्यावर मी गेलो. पारू आदल्या दिवशी येऊन गेली होती. खिडकीजवळच्या खाटेवर ते बसते केलेले होते, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. पुतण्यानं मला बाहेरच सांगितलं की समजतं सगळं, पण बोलणं गेलंय. एकच शब्द उरलाय, 'ते'. पाणी हवं तरी ते, ऊन डोळ्यांवर येतं तरी ते.

मला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी शाळेतलं काहीबाही सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि खिडकीबाहेर बोट केलं. "ते," म्हणाले.

मी पाहिलं. बाहेर कडुनिंब होता, वाळत टाकलेलं धोतर होतं, मागे डोंगराची रांग आणि वर ढग. "पाऊस येणार म्हणता?" मी विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. "खिडकी लावू?" पुन्हा मान हलली, जरा जोरात. मी धोतराचं विचारलं. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. वर्गात एखाद्यानं धडधडीत चुकीचं उत्तर दिलं की ते असेच डोळे मिटत, आणि इतक्या वर्षांत माझ्या उत्तराला त्यांनी ते पहिल्यांदाच केलं होतं.

डोळे उघडले तेव्हा बोट अजून तिकडेच होतं. "ते," ते म्हणाले, माझ्याकडे रागानं बघत.

मी खुर्ची खिडकीला लावून घेतली आणि डावीकडून पुन्हा सुरुवात केली. "डोंगर?" मी विचारलं.